सानिया-हिंगिसचे ४१ सामने कुठल्या फूटपट्टीने मोजायचे?

११ जुलै २०१५. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर महिला दुहेरीचा अंतिम सामना. एका बाजूला सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस, पहिलं मानांकन. दुसऱ्या बाजूला रशियाच्या एकातेरिना माकारोवा आणि एलेना वेस्निना, दुसरं मानांकन. पहिला सेट रशियन जोडीने ७-५ घेतला, दुसरा सानिया-हिंगिसने टायब्रेकवर. तिसऱ्या सेटमध्ये या दोघी २-५ अशा मागे होत्या. तिथून ५-५ झालं, उजेड कमी झाला म्हणून छत बंद करून दिवे लावले गेले, आणि पुढचे दोन्ही गेम यांनी घेतले. ५-७, ७-६, ७-५. ग्रँड स्लॅमची महिला दुहेरी जिंकणारी सानिया पहिली भारतीय खेळाडू ठरली. (वाढली हैदराबादला, पण जन्म मुंबईचा, त्यामुळे आपल्याकडे जरा जास्तच फटाके वाजले.)

आता मला सांगा, हाच सामना, याच चौघी, पण विम्बल्डनऐवजी डब्ल्यूटीएच्या दौऱ्यावरच्या एखाद्या नेहमीच्या स्पर्धेत असता तर काय झालं असतं? तिसरा सेट झालाच नसता. २-५ची पिछाडी नाही, ५-५ नाही, छत बंद होणं नाही. एक-एक सेट झाल्यावर थेट दहा गुणांचा सुपर टायब्रेक आणि पंधरा मिनिटांत निकाल. खेळाडू त्याच, कौशल्य तेच, मोजायची पद्धत मात्र वेगळी.

या पोस्टमध्ये मला नेमकं याच पद्धतीवर बोलायचंय. माझं म्हणणं सरळ आहे: दौऱ्यावरच्या दुहेरीचा आखूड फॉरमॅट हे ढिलं उपकरण आहे. त्याने घेतलेली नोंद आणि ग्रँड स्लॅममध्ये घेतलेली नोंद आपण एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडतो आणि वर त्यावरून कोण श्रेष्ठ हे ठरवतो. तुमच्यापैकी जे पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. समोर बसलेली समिती आकडा नंतर बघते. आधी विचारते, मोजलंत कशाने?

तर आधी नियम. दौऱ्यावरच्या दुहेरीत दोन गोष्टी बदललेल्या आहेत. पहिली, ४०-४० झालं की ड्यूस-ॲडव्हान्टेज नाही. एकच निर्णायक गुण, जो जिंकेल त्याचा गेम. दुसरी, एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटच्या जागी सुपर टायब्रेक, म्हणजे दहा गुणांपर्यंत, किमान दोनच्या फरकाने. ग्रँड स्लॅमच्या महिला दुहेरीत मात्र जुनाच नियम: ड्यूस आहे, तिसरा सेट पूर्ण आहे.

ऐकायला किरकोळ वाटतं ना? मलाही एरवी वाटलं असतं. पण संभाव्यतेचा बारावीचा धडा आठवला की किरकोळ राहत नाही. समजा एक जोडी समोरच्यांपेक्षा थोडी चांगली आहे आणि कुठलाही एक गुण जिंकण्याची तिची शक्यता ५५ टक्के आहे. ४०-४० वर एकच गुण खेळवला तर गेम जिंकण्याची शक्यता अर्थातच ५५ टक्के. ड्यूस खेळवला, म्हणजे सलग दोन गुणांची आघाडी मागितली, तर तीच शक्यता जवळपास ६० टक्क्यांवर जाते. कारण कमकुवत जोडीला आता एकदा नशीब पुरत नाही, लागोपाठ दोनदा लागतं. ड्यूसचा नियम म्हणजे दुसरं काही नाही, 'आणखी एकदा मोजून दाखव' असं म्हणणं आहे. आपण प्रयोगशाळेत रीडिंग तीनदा घेतो ते का घेतो? त्यासाठीच.

सुपर टायब्रेकची गोष्ट याहून मोठी. ५५ टक्केवाली हीच जोडी पूर्ण सेट जिंकण्याची शक्यता ८१ टक्क्यांच्या आसपास येते. दहा गुणांचा सुपर टायब्रेक जिंकण्याची येते सुमारे ६८ टक्के. एका सेटमध्ये पन्नास-साठ गुण खेळले जातात, सुपर टायब्रेकमध्ये वीसच्या आत-बाहेर. सॅम्पल साइज एक-तृतीयांश केलात की नॉइज वाढणारच, यात टेनिसचं असं काही नाही.

सगळं एकत्र केलं तर? पूर्ण फॉरमॅटमध्ये ही जोडी सामना जिंकण्याची शक्यता साधारण ९१ टक्के. आखूड फॉरमॅटमध्ये ८५ टक्क्यांच्या किंचित खाली. तुम्ही म्हणाल, सहा टक्के काय घेऊन बसलात! उलट्या बाजूने बघा. चांगली जोडी हरण्याची शक्यता नऊवरून पंधरावर गेली, म्हणजे दीडपटीहून जास्त वाढली. (हे आकडे माझ्या हिशेबाचे आहेत, दोन्ही जोड्यांच्या सर्व्हिसला एकच शक्यता धरून. सर्व्हिसचा फायदा वेगळा धरलात तर आकडे थोडे हलतील, दिशा तीच राहील. पायथॉनमध्ये वीस ओळींचं काम आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा.)

आता शीर्षकातल्या आकड्याकडे येऊ. २०१५च्या यूएस ओपनपासून सानिया-हिंगिस हरायच्याच थांबल्या. यूएस ओपन, मग आशियातल्या स्पर्धा, वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स, ब्रिस्बेन, सिडनी, २०१६ची ऑस्ट्रेलियन ओपन, सेंट पीटर्सबर्ग. सलग ४१ विजय. ही मालिका तुटली फेब्रुवारी २०१६मध्ये दोहाला, वेस्निना आणि दारिया कासात्किना यांच्याविरुद्ध. कशी तुटली ते बघा: ६-२, ४-६, आणि सुपर टायब्रेक ५-१०. दोन सेटमध्ये सानिया-हिंगिसचे गेम दहा, समोरच्यांचे आठ. पुढे पंधरा गुणांत सामना संपला. समोरच्या दोघी तेव्हा सरस खेळल्या नाहीत असं मी म्हणत नाही, दहा-पाच हा एकतर्फीच निकाल आहे. पण ४१ सामन्यांच्या मालिकेचा शेवट पंधरा गुणांवर व्हावा, हे फॉरमॅटचं कर्तृत्व आहे, एवढं म्हणायला हरकत नसावी.

महिला दुहेरीतली सर्वांत लांब मालिका मार्टिना नवरातिलोवा आणि पाम श्रायव्हर यांची. १९८३ ते १९८५, सलग १०९ विजय. १९८५च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात कॅथी जॉर्डन आणि लिझ स्मायली यांनी ती मोडली. आता वर्तमानपत्रातला तक्ता डोळ्यांसमोर आणा. वर १०९, खाली कुठेतरी ४१. वाचणाऱ्याच्या मनात काय येतं? नवरातिलोवा-श्रायव्हर अडीचपट मोठ्या.

थांबा. १०९ सामने पूर्ण फॉरमॅटमध्ये खेळले गेले. ४१पैकी ग्रँड स्लॅमचे साधारण डझनभर (६४ जोड्यांचा ड्रॉ, सहा फेऱ्या, दोन स्पर्धा), बाकीचे आखूड फॉरमॅटमध्ये. पुन्हा हिशेब करू. या वेळी जोडी फार भारी धरू, प्रत्येक गुणाला ६० टक्के. पूर्ण फॉरमॅटमध्ये ती सामना जिंकण्याची शक्यता ९९.६ टक्के येते, आखूडमध्ये ९७.८. दोन्ही आकडे 'जवळपास नक्कीच' याच सदरात मोडतात, आणि एका सामन्यापुरता हा फरक तुम्हाला कधी दिसणारही नाही. पण मालिका म्हणजे गुणाकार. ९९.६ला स्वतःनेच १०९ वेळा गुणा: सुमारे ६५ टक्के. ९७.८ला गुणा: नऊ टक्क्यांच्या आसपास. तीच जोडी, तेच कौशल्य. जुन्या नियमात १०९ची मालिका 'होईलच बहुतेक' या जातीची, नव्या नियमात 'झाली तर नवलच' या जातीची.

यावरून सानिया-हिंगिस नवरातिलोवा-श्रायव्हरइतक्याच थोर होत्या असं सिद्ध होतं का? अजिबात नाही. तसं कुणी लिहिलं तर त्या पेपरच्या रिव्ह्यूमध्ये मी लाल शाईने लिहीन. नवरातिलोवा-श्रायव्हरनी १९८४मध्ये चारही ग्रँड स्लॅम एकाच वर्षात जिंकल्या, त्यांच्या मोठेपणाला आधार शोधायची गरज नाही. मी एवढंच म्हणतेय की १०९ आणि ४१ ही दोन वेगळ्या उपकरणांवरची वाचनं आहेत आणि कॅलिब्रेशन न करता त्यांची वजाबाकी करता येत नाही.

आता माझ्याच युक्तिवादाला टाचणी लावू, कारण तुम्ही लावली नाहीत तर कुणीतरी लावेल. वरचा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: प्रत्येक गुण स्वतंत्र, आणि प्रत्येक गुणाची शक्यता सारखीच. खेळाडूला विचारा, ती हसेल. ३०-० वरचा गुण आणि ब्रेक पॉइंट सारखा कसा असेल? हा प्रश्न फ्रांक क्लासेन आणि यान माग्नुस या दोघांनी २००१च्या एका पेपरमध्ये नीट तपासला. १९९२ ते १९९५ या चार विम्बल्डनचे जवळपास ९० हजार गुण घेतले. निष्कर्ष मला फार आवडतो, कारण तो दोन्ही बाजूंना अर्धवट नाराज करतो. गुण स्वतंत्र आणि सारखे नसतात: आधीचा गुण जिंकला की पुढचा जिंकायची शक्यता किंचित वाढते, आणि महत्त्वाच्या गुणावर सर्व्हिस करणाऱ्याची कामगिरी थोडी घसरते. पण हे विचलन छोटं आहे, बऱ्याच कामांसाठी 'स्वतंत्र आणि सारखे' हे गृहीतक चालून जातं. संशोधनात गृहीतक खोटं असणं आणि निरुपयोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवायला मला याहून चांगला पेपर माहीत नाही. जमलं तर मूळ वाचा.

फक्त एक अडचण आहे. तो सगळा डेटा एकेरीचा आहे.

आणि दुहेरी म्हणजे दुप्पट माणसांची एकेरी नव्हे. चौघींची सर्व्हिस वेगळी, नेटवर उभी असलेली जोडीदार काय करते त्यावर रिटर्न कुठे जाणार ते ठरतं. हिंगिस-सानियाचंच घ्या. हिंगिसचे हात नेटवर जादूचे, पण सर्व्हिस तिचं कधीच मोठं हत्यार नव्हतं. सानियाचा फोरहँड मागून घणासारखा. जोडीची ताकद दोघींच्या ताकदीची बेरीज नसते, ती अशा एकमेकींच्या खाचा बुजवण्यात असते. म्हणजे 'एका गुणाची शक्यता ५५ टक्के' असं मी सहज लिहिलं खरं, पण प्रत्यक्षात सर्व्हिस कोण करतंय आणि डाव्या-उजव्या कुठल्या बाजूला, यावर तो आकडा बदलत राहतो.

इथेच तो निर्णायक गुण मला सगळ्यात जास्त खटकतो. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आवडतोही, संशोधक म्हणून. कारण ४०-४० वर सर्व्हिस कुठल्या बाजूला घ्यायची हे रिसीव्ह करणारी जोडी निवडते. म्हणजे आपल्यातली जी चांगली रिटर्न करते तिला पुढे करायचं. जुन्या ड्यूसमध्ये ही निवड नव्हतीच, गुण आलटून-पालटून दोन्ही बाजूंना पडायचे आणि दोघींनाही रिटर्न करावा लागायचा. म्हणून नवा नियम नुसता नॉइज वाढवत नाही, तो एका बाजूला झुकतोही. नॉइज आणि बायस यांतला फरक परीक्षेत दोन मार्कांना विचारतात आणि आपण दोन ओळी पाठ करून जातो. हे उदाहरण लक्षात ठेवा, व्याख्या आपोआप राहील. नॉइजवर जास्त रीडिंग घेणं हा उपाय आहे. बायसवर तो नाही. हजार सामने घ्या, चांगली रिटर्नर हजार वेळा पुढे येईल.

बरं, हा आखूड फॉरमॅट आणला कशाला? आयोजक काही खलनायक नाहीत. वेळापत्रक हे खरं दुखणं आहे: एका कोर्टवर दिवसाला इतके सामने बसवायचे, आणि जुन्या नियमात दुहेरीचा सामना तासाभरात संपेल की अडीच तास चालेल सांगता येत नाही. शिवाय एकेरीच्या नावाजलेल्या खेळाडूंना दुहेरीत ओढायचं तर त्यांना 'तुझी जास्त दमछाक होणार नाही' असं आश्वासन द्यावं लागतं. ही कारणं मला पटतात. पुरुषांच्या दौऱ्यावरही हाच फॉरमॅट आहे, त्यामुळे हा फक्त बायकांवरचा अन्याय आहे असंही म्हणता येत नाही. मला न पटणारी गोष्ट वेगळी आहे. हे बदल 'जास्त रोमांचक' म्हणून विकले जातात. रोमांच म्हणजे काय, तर निकाल शेवटपर्यंत न कळणं. निकाल न कळण्याचे दोन मार्ग आहेत: एक, दोन्ही जोड्या खरोखर तुल्यबळ असणं, आणि दुसरा, मोजमाप इतकं ढिलं करणं की चांगली जोडीही कधीही घसरावी. विम्बल्डनचा तो अंतिम सामना पहिल्या प्रकारचा होता. एकूण गेम मोजून बघा, सानिया-हिंगिस १९, माकारोवा-वेस्निना १८. सदतीस गेमनंतर फरक एकाचा.

हो, आणि हे माझ्या विरुद्ध जाणारं आहे हे माझ्या लक्षात आलंय. १९-१८ म्हणजे पूर्ण फॉरमॅटमध्येही तो सामना नाणेफेकीच्याच जवळ होता. लांब सामना सत्य सांगतो आणि आखूड खोटं, असं काही नसतं. मग त्या दोघी सरस होत्या हे कशावरून? एका अंतिम सामन्यावरून नाहीच. पण त्याच वर्षी मार्चमध्ये जोडी जमल्यावर पहिल्याच स्पर्धेत, इंडियन वेल्सला, अंतिम सामन्यात समोर याच दोघी होत्या: ६-३, ६-४. लगेच मायामीला पुन्हा त्याच: ७-५, ६-१. मग जुलैत विम्बल्डन. चार महिन्यांत तीन अंतिम सामने, दोन हार्ड कोर्टवर आणि एक गवतावर, निकाल तिन्ही वेळा एकाच बाजूला. याला आपल्याकडे रेप्लिकेशन म्हणतात, आणि माझा विश्वास सेंटर कोर्टवरच्या त्या नाट्यापेक्षा या तीन कंटाळवाण्या ओळींवर जास्त आहे.

विरुद्ध पुरावा आणखी एक आहे, तोही टेबलावर ठेवते. २०२५मध्ये यूएस ओपनने मिश्र दुहेरी पार बदलून टाकली: सोळाच जोड्या, अंतिम सामना सोडून चार-चार गेमचे सेट, ड्यूस नाही, तिसरा सेट नाही, आणि एकेरीतली मोठी मोठी नावं. माझ्या हिशेबाने हा नॉइजचा महोत्सव व्हायला हवा होता. जिंकलं कोण? सारा एरानी आणि आंद्रेआ वावास्सोरी, आदल्या वर्षीचेच विजेते, अस्सल दुहेरीवाले. अंतिम फेरीत इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना सुपर टायब्रेकवर हरवून. एन बरोबर एक आहे, म्हणून सिद्धांत मोडला असं नाही. पण तो आकडा लपवून लेख लिहिणं मला जमलं नसतं. शक्यता अशीही आहे की दुहेरीच्या जाणकार जोडीचा गुणागणिक फायदा इतका मोठा असतो की आखूड फॉरमॅटही तो पुसू शकत नाही.

तुमच्यापैकी कुणी स्टॅटिस्टिक्सवाला विषय शोधत असेल तर इथे एक पडून आहे. त्याच जोड्या, त्याच वर्षी, दोन वेगळ्या फॉरमॅटमध्ये खेळतात: काही आठवडे ग्रँड स्लॅम, बाकीचे आठवडे दौरा. हा जवळजवळ आयता प्रयोग आहे. मानांकित जोडी बिगर-मानांकित जोडीकडून हरण्याचं प्रमाण दोन्हीकडे काढा आणि तुलना करा. पण 'जवळजवळ' या शब्दावर अडखळा. ग्रँड स्लॅमचा ड्रॉ ६४ जोड्यांचा, दौऱ्यावरच्या बऱ्याच स्पर्धांचा १६चा, म्हणजे पहिल्या फेरीतली समोरची जोडीच वेगळ्या दर्जाची. ग्रँड स्लॅमला एकेरीतल्या कितीतरी जणी दुहेरीतही नाव घालतात, आणि एकेरीत पुढे गेल्या की अंग काढून घेतात, म्हणजे काही निकाल कोर्टवर लागतच नाहीत. गवताचे आठवडे वर्षात मोजके. आणि जोड्या वर्षभर टिकत नाहीत. सानिया-हिंगिसची जोडीसुद्धा दीड वर्षच टिकली. या प्रत्येकाचा परिणाम वेगळा कसा काढणार, ते प्रपोजलच्या दुसऱ्या पानावर लिहावं लागेल.